आधी सिंक, मग प्लग, शेवटी दगड

प्रश्न : डोंबिवलीतील आमचा फ्लॅट १९९४ सालचा आहे आणि स्वयंपाकघरात अजूनही कडप्प्याचाच ओटा आहे. लिंबू, चिंच, कोकम सांडून सांडून तो जागोजागी पांढुरका पडला आहे. दिवाळीच्या आत ओटा, सिंक आणि टाइल्स असे सगळेच बदलायचे ठरले आहे. दुकानदार पांढऱ्या क्वार्ट्झचा आग्रह धरतो, सासूबाईंना काळा ग्रॅनाइटच हवा आहे, आणि कंत्राटदार म्हणतो की आधी दगड पसंत करा, बाकीचे मागाहून पाहू. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : कंत्राटदाराने सांगितलेला क्रम उलटा आहे. दगड डोळ्यांत भरतो म्हणून तो आधी ठरतो, आणि मग सिंक व प्लग त्याच्या मापात कसेबसे बसवले जातात. वास्तविक पहिला निर्णय सिंकचा, कारण सांडपाण्याची जागा फारशी हलवता येत नाही. दुसरा विजेच्या पॉइंटांचा, कारण ते टाइलच्या मागे कायमचे गाडले जातात. आणि तिसरा दगडाचा. सिंक प्रत्यक्ष घरात येऊन पडल्याशिवाय दगडाला भोक पाडू देऊ नका. पुस्तिकेतल्या मापात आणि हातातल्या सिंकमध्ये अर्ध्या इंचाची तफावत निघाली, तर कापलेला दगड पुन्हा जोडता येत नाही.

सिंक घ्यायला जाताना घरातली सर्वांत मोठी परात आणि मोठा कुकर यांची मापे लिहून न्या. खोक्यावर छापलेले २४ × १८ इंच हे माप बहुधा बाहेरच्या काठाचे असते आणि आतले भांडे दोनएक इंचांनी लहान भरते, त्यामुळे १८ इंचांची परात त्यात आडवी बसत नाही. ती तिरकी धरून घासावी लागते आणि पाणी ओट्यावर उडते. पोलाद ३०४ ग्रेडचे घ्यावे. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, म्हणून मीठ-आमसुलाच्या घरातही ते टिकते. स्वस्त सिंकमध्ये निकेलचा बराचसा वाटा मँगनीज भरून काढते आणि काही वर्षांत तांबूस ठिपके दिसू लागतात. दुकानात लोहचुंबक लावून खात्री करून देतात, तिच्यावर विसंबू नका, कारण हे हलके पोलादही चुंबकाला चिकटत नाही. ग्रेडचा शिक्का पाहावा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्यावा. पत्रा एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड असावा आणि तळाला खालून आवाज दाबणारा रबराचा थर असावा. पहाटे डब्यासाठी उठणाऱ्या घरात त्याचे मोल कळते.

खोलीबद्दल थोडे सविस्तर लिहिते. हल्ली दहा इंच खोल सिंक सर्रास विकले जाते. पाणी उडत नाही हे खरे, परंतु भांडी घासणाऱ्या व्यक्तीचे हात काठाशी नसतात, तळाशी असतात. ओटा ३४ इंच उंच आणि सिंक दहा इंच खोल म्हणजे हात २४ इंचांवर, आणि तेवढे वाकून अर्धा-पाऊण तास काम. ते काम घरातली व्यक्ती करो की कामाला येणाऱ्या ताई, कंबर तीच असते. आठ इंच खोली पुष्कळ झाली. तसेच काटकोनी कोपऱ्यांचे सिंक दिसायला सुबक असले तरी खरकटे त्या कोपऱ्यांत बसते. थोडे गोलाईचे कोपरे बोटाने पुसून निघतात.

आता दगड. आपल्या ओट्यावर जे डाग आहेत ते खरे तर डाग नाहीत. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे. आंबट पदार्थ त्याचा पृष्ठभाग खातात आणि तो निस्तेज होतो. संगमरवराचेही तेच होते, म्हणून ओट्यासाठी त्याचा विचारही करू नये. ग्रॅनाइटवर लिंबा-चिंचेचा असा परिणाम होत नाही आणि तापलेले भांडेही तो सोसतो. क्वार्ट्झ म्हणजे दगडाचा चुरा रेझिनमध्ये घट्ट बांधून केलेली लादी. तिच्यात पाणी मुरत नाही, तिला आंबटाचे भय नाही, पण त्या रेझिनला उष्णता सोसत नाही. माझ्या आतेबहिणीने फोडणीची लोखंडी कढई अशा पांढऱ्या ओट्यावर क्षणभर टेकवली होती. कढईच्या बुडाएवढे पिवळसर वर्तुळ आजही तिथे आहे. घासून, पॉलिश करून काही उपयोग झाला नाही. आपल्याकडे तवा, कढई, कुकर गॅसवरून उतरून सरळ ओट्यावर येतात. ही सवय घरातल्या प्रत्येकाने सोडली तरच क्वार्ट्झ घ्यावे. म्हणून मी सासूबाईंच्या बाजूने आहे.

काळा ग्रॅनाइट घेतानाही पारख हवी. हलक्या दगडाला काळे तेल किंवा रंग चोळून गडद केलेले असते. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश काढायचे द्रावण घेऊन लादीचा कोपरा पुसावा. फडके काळे झाले तर ती लादी सोडून द्यावी. मग चमचाभर पाणी ओतून पंधरा मिनिटे थांबावे आणि पुसून पाहावे. पाण्याच्या जागी गडद ठसा राहिला, तर उद्या तिथेच तेल मुरेल. जाडी १८ ते २० मिलिमीटर असावी. सिंकच्या पुढे आणि मागे दगडाची जेमतेम दोन-तीन इंचांची पट्टी उरते, तीच तडकते. तिच्याखाली आधार दिला आहे ना, हे दगड बसण्यापूर्वी स्वतः वाकून पाहावे. पुढच्या काठाखाली बारीक खाच मारून घ्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी तिथेच गळून पडते आणि कपाटांची दारे फुगत नाहीत.

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघरात एकच मोठा प्लग आहे. त्यावर एक्स्टेन्शन लावून मिक्सर, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन चालवतो. नूतनीकरणात किती पॉइंट घ्यावेत, आणि कुठे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी ते एक्स्टेन्शन आजच काढा, नूतनीकरण केव्हा होईल तेव्हा होवो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर १६ अँपिअरचा पॉइंट सुमारे ३,६८० वॅट पेलतो. इंडक्शनचे २,०००, मायक्रोवेव्हचे सुमारे १,४०० आणि मिक्सरचे ७५० मिळून ४,१५० वॅट होतात. सकाळच्या घाईत तिन्ही एकदम चालू झाली की वायर तापते, आणि ती भिंतीत असल्यामुळे तापलेली कळतही नाही.

किती पॉइंट, याचे उत्तर आपल्या यंत्रांच्या यादीत आहे; या यादीत पुढच्या पाच वर्षांत येणारे डिशवॉशरही धरावे. मिक्सर, चिमणी आणि पाण्याचा फिल्टर यांना ६ अँपिअर पुरतात. इंडक्शन, मायक्रोवेव्ह, ओव्हन, गीझर आणि डिशवॉशर यांना १६ अँपिअर हवेत, आणि या जड यंत्रांची तार एकमेकींना जोडत न नेता प्रत्येकीला बोर्डातून स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद पडणारा स्विच) द्यावा. अशा पॉइंटांना ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घालून घ्यावी. पाण्याच्या सान्निध्यात काम असल्याने ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी नसेल तर याच वेळी बसवावे; अंगातून प्रवाह गेला तर पुरवठा तोडणारे उपकरण तेच आहे, एमसीबी ते काम करीत नाही. वीजबिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. तो यादीशी ताडून पाहावा आणि कमी असेल तर वाढवून घेण्याचा अर्ज काम सुरू होण्याआधीच करावा.

जागा ठरवण्यासाठी मी एक करते. जुन्या वर्तमानपत्रातून प्रत्येक यंत्राच्या बुडाएवढा तुकडा कापावा, तो ओट्यावर ठेवावा, आणि समोरच्या भिंतीवर खडूने फुली मारावी. मग दोन दिवस त्या मांडणीत स्वयंपाक करावा. उजव्या हाताने मिक्सर दाबताना वायर शेगडीवरून जाते का, चहा करताना मायक्रोवेव्हचे दार कपाळाला लागते का, हे तेव्हाच कळते. फुली ओट्यापासून आठ-नऊ इंच वर असावी, नळापासून निदान दोन फूट दूर असावी आणि शेगडीच्या वर कधीही नसावी. डिशवॉशरचा पॉइंट यंत्राच्या पाठीमागे न घेता शेजारच्या कपाटात घ्यावा. बिघाड झाल्यावर बटण हाती लागले पाहिजे. टाइल लागण्यापूर्वी उघड्या वायरिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, पुढे भिंतीत खिळा ठोकताना ते कामी येतात.

प्रश्न : सिंक खिडकीखाली हलवायचे आहे, सध्याच्या जागेपासून ते आठ फूट दूर जाईल. शक्य आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : शक्य आहे, पण सांडपाण्याच्या पाइपला फुटामागे किमान पाव इंच ढाळ लागतो, म्हणजे आठ फुटांत दोन इंच. तेवढी उंची ओट्याखालून मिळत असेल तर पाइप कपाटांच्या मागून न्यावा. फरशी फोडून नेऊ नये. फरशीखालचा सांधा गळला तर त्रास खालच्या शेजाऱ्यांना होतो आणि दुरुस्तीसाठी आपलीच फरशी उखडावी लागते. गॅसची पाइपलाइन त्या मार्गात येत असेल तर ती गॅस कंपनीच्या माणसांकडूनच हलवून घ्यावी आणि भिंतीत गाडू नये. सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी. कपाटे बसण्याआधी सिंक काठोकाठ भरावे, बूच एकदम काढावे, आणि पाणी वाहत असताना प्रत्येक सांध्याखालून कोरडा कागद फिरवावा. कागद कोरडा निघाल्यावरच सुताराला बोलवावे.