टाकीचं फायबरचं झाकण उन्हात का बसलं?

प्रश्न : गच्चीवरच्या टाकीचं झाकण ग्लासफायबर आणि इपॉक्सी वापरून घरीच केलं, वरून काळा रंग मारला. मे महिन्यात ते मधोमध खाली बसलं. रात्री हाताला कडक लागतं पण बाक जात नाही. रेझिनच्या डब्यावर ग्लास ट्रान्झिशन ६५ डिग्री लिहिलीय, मग असं का?

उत्तर : काचेच्या धाग्याला एवढ्या उन्हाने काहीच होत नाही हो, मऊ पडतं ते इपॉक्सी, म्हणजे तुमच्या डब्यातलं रेझिन. गार असताना त्याचा मॉड्युलस, म्हणजे कडकपणाचं माप, साधारण ३ गिगापास्कल असतो आणि ग्लास ट्रान्झिशन, म्हणजे कडक रेझिन रबरासारखं मऊ होतं ते तापमान, ओलांडली की थेट काही दशक मेगापास्कलवर, म्हणजे जवळपास शंभरपट खाली येतो, मग धाग्यांना धरून ठेवायला काही उरत नाही, झाकण स्वतःच्याच वजनाने हळूहळू वाकत जातं, यालाच क्रीप म्हणतात, आणि संध्याकाळी गार झालं की आहे त्याच आकारात घट्ट होतं.

६५ च्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका. टेस्टमध्ये तुकडा हलवत हलवत तापवतात आणि बऱ्याचदा टॅन डेल्टाचा (हलवताना मालात किती ऊर्जा मुरते त्याच्या मापाचा) पीक येतो ते तापमान छापतात, कडकपणा मात्र त्याच्या १०-१५ डिग्री आधीच ढासळायला लागलेला असतो. शिवाय तो आकडा बहुतेक वेळा पोस्ट-क्युअर केलेल्या, म्हणजे घट्ट झाल्यावर परत तापवून पक्क्या केलेल्या मालाचा असतो, नुसतं घरात वाळवलेल्याचा नाही. ओल शोषली की अजून कमी. काळा पृष्ठभाग तर उन्हात ७० ला सहज पोचतो.

नवीन झाकण साच्यातच ठेवून, कंपनीने दिलेल्या तापमानाला हळूहळू तापवून पोस्ट-क्युअर करा. आणि रंग पांढराच द्या.