पक्षाघातानंतर नवरा-बायकोचे संबंध पुन्हा सुरू करणं सुरक्षित आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना चार महिन्यांपूर्वी झटका आला, डावी बाजू लुळी पडली, आता काठी घेऊन चालतात. पण जवळ गेलात की तेच अंग चोरतात, आणि ‘पुन्हा ॲटॅक आला तर?’ ही धास्ती दोघांनाही आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरी जाऊन व्यायाम घेते. हा प्रश्न मला बायका दाराशीच विचारतात, मी चपला घालत असताना.

बीपी आटोक्यात असेल आणि दोन जिने चढण्याइतका दम असेल, तर एवढा ताण शरीराला सहसा झेपतो. संबंधांमुळे दुसरा झटका येण्याची शक्यता फार कमी. हृदयाचा त्रास असेल किंवा जिने चढवतच नसतील, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

अडतं ते बऱ्याचदा खांद्यापाशी. लुळ्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो, हात जरा ओढला गेला तरी कळ जाते. त्यांना उताणं झोपू द्या, डाव्या हाताखाली खांद्यापासून उशी द्या आणि तुम्ही उजवीकडे राहा. डाव्या अंगाला स्पर्श कळत नसेल किंवा नकोसा होत असेल, तर तेही विचारून घ्या. वेळ सकाळची बरी. व्यायामानंतर किंवा रात्री ते थकलेले असतात. आधी लघवीला जाऊन यायला सांगा. पहिले काही दिवस नुसतं कुशीत झोपलात तरी चालेल.

आणि पलंग! बहुतेक घरांत तो हॉलमध्ये टीव्हीसमोर आलेला असतो, येणारे-जाणारे त्याच्यावरच टेकतात. आता चालतायत ना, मग तो कडी लागेल अशा खोलीत न्या. ज्या हातांनी पॉट दिलं, अंघोळ घातली, त्याच हातांनी जवळ घेणं दोघांनाही जड जातं. परवडत असेल तर अंघोळीपुरता नर्सिंग ब्युरोचा माणूस ठेवा, हे माझं स्पष्ट मत. सासूबाई काय म्हणतील ते म्हणोत.

इच्छाच गेली असेल, तर गोळ्यांकडे बघा. बीपीच्या काही गोळ्यांनी आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी असं होतं. नैराश्यानेही होतं, आणि झटक्यानंतर ते साधारण तिघांतल्या एकाला येतं. मनाने गोळी बंद करू नका, बदलून मिळते का विचारा. व्हायग्रा मेडिकलमधून परस्पर आणू नका. सॉर्बिट्रेटसारखी हृदयाची गोळी चालू असेल तर बीपी एकदम कोसळतं. डॉक्टरांसमोर तोंडून निघत नसेल, तर एका कागदावर लिहून फाइलमध्ये वरच ठेवा. न्यूरोलॉजिस्टना हा प्रश्न नवा नाही.