त्या संध्याकाळी कोणी ओळखीचे भेटले तर?

प्रश्न : माझे वय ४६ असून मी पंचवटीत आईसोबत राहतो आणि एका पतसंस्थेत नोकरी करतो. मी समलिंगी आहे, हे मला कॉलेजात असल्यापासून ठाऊक आहे, परंतु आजवर ते एकाच मित्राला सांगितले आहे. पुढच्या शनिवारी गंगापूर रोडवरील एका सभागृहात एलजीबीटी मंडळींचा स्नेहमेळावा असून त्याने मला तेथे बोलावले आहे. आधी चहा-गप्पा, मग गाणी, कवितावाचन आणि शेवटी लावणी असा बेत आहे. जावेसे वाटते, पण नाशिकमध्ये चार माणसांत एक ओळखीचा निघतोच. शिवाय विशी-पंचविशीच्या मुलांत मी काय करणार? मला उभे करून बोलायला लावले तर? आईला काय सांगू?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : शेवटून सुरुवात करतो. आईला 'मित्राबरोबर गाण्यांच्या कार्यक्रमाला जातो' असे सांगावे. त्यात खोटे काहीच नाही. कोणाच्या तरी लग्नाचे निमित्त काढू नये, कारण परतल्यावर जेवणात काय काय होते याची चौकशी होणार, हे आपणही जाणता. बोलायला लावण्याची भीतीही सोडून द्यावी. परिचयाची फेरी झालीच, तर नाव सांगून 'मी ऐकायला आलो आहे' एवढे म्हटले की पुरते, आणि ते नाव कागदोपत्री असलेलेच हवे, असा आग्रह कोणी धरत नाही.

ओळखीच्या माणसाची भीती मात्र खरी आहे आणि तिला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते दूर केले, तेव्हा आपण तिशीच्या आसपास असाल. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने असे संबंध पुन्हा, आणि या वेळी देशभरासाठी, गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. ज्याने उमेदीच्या वर्षांत कायद्याचे दार असे उघडता-मिटताना पाहिले, तो सभागृहाच्या दाराशी घुटमळला तर त्यात नवल नाही. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी : तेथे जो आपल्याला ओळखेल, तोही तेथेच आलेला असेल. आप्त आणि मित्रही अशा कार्यक्रमांना येतात, त्यामुळे हा हिशेब पूर्ण बिनधोक नाही. पण आलेल्यांपैकी बहुतेकांना दुसऱ्याचे गुपित सांभाळण्याची सवय स्वतःच्या गरजेतून लागलेली असते.

खरा धोका माणसांपेक्षा मोबाइलचा. कोणी तरी लावणीची रील काढते आणि मागच्या रांगेतला आपला चेहरा रात्री इन्स्टाग्रामवर जातो. म्हणून मित्रामार्फत आयोजकांना आधीच विचारून घ्यावे, की फोटो नको असलेल्यांसाठी वेगळी बैठक किंवा मनगटावर बांधायची खुणेची पट्टी आहे का. 'आम्ही सांभाळून घेऊ' हे उत्तर नव्हे. तसे ऐकू आले तर कॅमेऱ्याच्या पाठीमागची खुर्ची पकडावी. कार्यक्रमाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्येही घाईने सामील होऊ नये, कारण आपला नंबर तेथे सगळ्यांना दिसतो आणि पतसंस्थेच्या गणवेशातला डीपी असेल तर बाकीचेही कळते.

वयाबद्दल स्वतःचेच सांगतो. पुण्यात अशा मेळाव्याला मी प्रथम गेलो तेव्हा चाळिशीला टेकलो होतो. पहिला अर्धा तास चहाच्या टेबलाशी उभा राहून मी बिस्किटे मोजली. मग एका मुलीने येऊन विचारले, 'काका, जरा पिना धरता का?' आत एक तरुण नऊवारीचा काष्टा खोचत होता. घोट्याला घुंगरू काचू नयेत म्हणून त्याने खाली जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली होती आणि पदर काही केल्या खांद्यावर ठरत नव्हता. मी एकेक पिन देत गेलो. 'काका' या हाकेचा राग यायला हवा होता, आला नाही.

पुरुषाने स्त्रीवेष घेऊन रंगमंचावर येणे आपल्याला नवे नाही. बालगंधर्वांच्या शालूची नक्कल घरंदाज बायकांनी केली. तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला मात्र दाद कमी आणि हशा जास्त आला. या मंचावर नाचणारी व्यक्ती हशासाठी नाचत नसते, एवढे ध्यानात ठेवून मनमोकळी दाद द्यावी, शिट्टीसुद्धा वाजवावी; दौलतजादा मात्र आयोजकांनी सांगितल्याशिवाय नको. वेषावरून कोणाबद्दल तर्कही करू नये, कारण नऊवारी नेसलेला प्रत्येक कलाकार पारलिंगी असतो असे नाही. मराठीत खरी पंचाईत क्रियापदाची : 'आलास' म्हणावे की 'आलीस'? 'तुम्ही कुठून आलात?' हा प्रश्न सर्वांना चालतो, आणि समोरून 'मी आलो' येते की 'मी आले', हे ऐकले की पुढचा मार्ग सापडतो. कोणी फोन नंबर मागितला आणि द्यावासा वाटला नाही, तर सरळ नाही म्हणावे. तेथे त्याचे कोणाला वाईट वाटत नाही.

आपली गाडी स्वतःची न्यावी. मित्राच्या मागे बसून गेलात तर निघण्याची वेळही त्याची होते. अवघडल्यासारखे झाले तर मध्यंतरात निघून होळकर पुलावरून घरी यावे, कोणी हिशेब मागणार नाही. पण लावणी शेवटी आहे, म्हणून दाराजवळची खुर्ची धरून तोवर थांबून पाहावे. आणि खिशात चार सेफ्टी पिना असू द्याव्यात.