नवीन एलईडी लावल्यापासून समुद्री फिश टँकमधले कोरल (प्रवाळ) पांढरे पडतायत, लाइट किती ठेवू?

पांढरे पडतायत म्हणजे लाइट जास्त होतोय, कमी नाही. कोरलच्या आत बारीक शेवाळ राहतं, त्यावरच त्याचं बरंचसं पोट भरतं, एकदम झगझगीत उजेड आला की ते शेवाळ बाहेर टाकलं जातं आणि रंग उडतो. आधी लाइट ३०-४० टक्क्यांवर आणा आणि मग आठवड्याला ५ टक्केच वाढवा, घाई नको. डिमर नसेल तर टँकवर मच्छरदाणीची जाळी दुहेरी टाका, मी तेच केलं होतं, बायको हसली पण माझा हॅमर कोरल वाचला!

मशरूम, झोआ वगैरे जातीच्या कोरलना ५० ते १५० पार (PAR, म्हणजे कोरलमधल्या शेवाळाला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) पुरतं, हॅमर-टॉर्च कोरलना साधारण १०० ते २००, अ‍ॅक्रोपोरा कोरलला २०० च्या वर लागतं म्हणून तो वरच्या दगडावर. पार मीटर महाग असतो, ओळखीत कोणाकडे असेल तर एक दिवस मागून आणा. नाहीतर कोरलकडेच बघा, झोआ मान लांब करून वर ताणतायत म्हणजे उजेड कमी पडतोय, हॅमर दिवसभर आखडून संध्याकाळी लाइट उतरल्यावरच फुलतोय म्हणजे जास्त होतोय. एलईडीत निळा उजेड जास्त, पांढरा कमी ठेवा, दिवसाला ८-९ तास बास. आणि रोज सेटिंग बदलत बसू नका प्लीज