लक्षद्वीपची पांढरी वाळू खरंच पोपट माशाची विष्ठा असते का?

तुम्हाला बोटवाल्याने सांगितलं की पायाखालची ही शुभ्र वाळू म्हणजे पोपट माशाची विष्ठा. हे खरं का, आणि हा मासा प्रवाळ कुरतडतो तर तो रीफचा, म्हणजे प्रवाळांनी बनलेल्या समुद्रातल्या खडकाचा, शत्रूच ठरत नाही का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

बोटवाला बरोबर बोलला. सगळी वाळू पोपट माशाची नसते. तीत लाटांनी फोडलेलं प्रवाळ, शंख-शिंपल्यांचा चुरा असं बरंच काही असतं. पण या माशाचा वाटा फार मोठा आहे. लक्षद्वीप ज्या समुद्राखालच्या डोंगररांगेवर आहे, त्याच रांगेवर दक्षिणेला मालदीव आहे. तिथल्या वक्कारू बेटाभोवतीच्या रीफचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. त्या रीफवर नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी 85 टक्क्यांहून जास्त वाळू पोपट माशांच्या पोटातून आलेली निघाली.

लक्षद्वीपमधल्या बंगाराम बेटाच्या लगूनमध्ये, म्हणजे रीफने वेढलेल्या उथळ पाण्यात, मी पहिल्यांदा पाण्यात तोंड घातलं, तेव्हा हा मासा दिसायच्या आधी ऐकू आला. शेजारी बसून कोणी फुटाणे खावेत तसा कडकड आवाज. मग निळा-हिरवा मासा दिसला, खडकाला चोच लावून. ती चोच म्हणजे एकमेकांत घट्ट बसलेले दात. एका जातीत 15 रांगांत मिळून सुमारे हजार दात मोजले आहेत. पुढचे झिजले की मागचे पुढे सरकतात. खरी करामत मात्र घशात आहे. तिथे दातांचं दुसरं जातं असतं, त्यात दगडाचं पीठ होतं. या माशाला जठर नसतं. पीठ थेट लांब आतड्यात जातं, कामाचं तेवढं शोषलं जातं आणि उरलेला चुना मागून पांढऱ्या ढगासारखा बाहेर पडतो. एकदा तो ढग पाहिलात की पुन्हा शंका येणार नाही.

आता शत्रुत्वाचं. बहुतेक जाती जिवंत प्रवाळाला फारसं तोंड लावत नाहीत. त्या मेलेल्या प्रवाळाचा खडक खरवडतात, कारण त्याच्यावर आणि आत शेवाळ व सूक्ष्मजीव असतात. खरं अन्न ते. 1998 साली समुद्र तापून लक्षद्वीपचं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेलं. अशा वेळी उघड्या सांगाड्यांवर शेवाळ माजलं तर प्रवाळाच्या पिल्लांना चिकटायला जागाच राहत नाही. ती जागा हे मासे साफ ठेवतात. डोक्यावर टेंगूळ असलेली सर्वांत मोठी जात मात्र जिवंत प्रवाळही भरपूर खाते. सव्वा मीटरपर्यंत वाढणारा हा एकेक मासा वर्षाला पाच टनांहून जास्त रीफ चावून काढतो. म्हणून खडक झिजतो हे खोटं नाही, पण माझ्या मते हिशेब रीफच्या बाजूनेच जातो.

तुम्हाला एकाच ठिकाणी तपकिरी आणि झगझगीत असे दोन प्रकार दिसले असतील, तर ते बहुधा एकाच जातीचे होते. बऱ्याच जातींत मासा आधी मादी असतो, मळकट रंगाचा. कळपातला मोठा नर गेला की सर्वांत मोठी मादी नर होते आणि रंग बदलते. या रंगांमुळे जुन्या अभ्यासकांनी एकाच जातीला दोन-दोन नावं देऊन ठेवली होती. रात्री काही जाती कपारीत शिरून स्वतःभोवती चिकट, पारदर्शक पिशवी विणतात आणि तिच्यात झोपतात. रक्त शोषणारे बारीक किडे त्यामुळे दूर राहतात, हे प्रयोगाने दाखवलेलं आहे. दिवसभर दगड फोडणारा प्राणी रात्री इतक्या नाजूक पांघरुणात झोपतो, याचं मला अजून नवल वाटतं.

बेलीझ देशाने 2009 साली हा मासा पकडायलाच बंदी घातली. लक्षद्वीपमध्ये मासेमारी परंपरेने गळाने ट्यूना पकडण्याची, म्हणून रीफवरचे मासे बऱ्याच अंशी वाचले. पुढच्या वेळी जेवणात रीफचा मासा आणि ट्यूना असे दोन पर्याय ठेवले, तर कृपा करून ट्यूनाच मागा.