लोकलमधला सभ्यपणा: नव्या भिडूसाठी

एवढ्या गर्दीत सभ्यपणा कसला, असं तू विचारलंस. अरे, तिथेच तर लागतो! सुरुवातीला एवढंच सांभाळ.

सॅक पाठीवर ठेवून डब्यात शिरू नकोस. तू वळलास की ती मागच्याच्या तोंडावर बसते आणि तुला पत्ताही लागत नाही. पोटाशी घे, नाहीतर रॅकजवळच्या माणसाकडे दे. तो न बोलता वर ठेवेल. उतरायच्या आधी मागितलीस की तशीच हातोहात परत येते.

नवखे सगळ्यात जास्त चुकतात ते दारात. चर्चगेट फास्टने दादरला उतरायचंय? मग वांद्रे गेलं की पुढच्याला विचार, "दादर?" हो म्हणाला तर त्याच्या मागे राहा, नाही म्हणाला तर जागा बदलून घे. स्टेशन आल्यावर कोपरं मारत निघणं म्हणजे शिव्यांना आमंत्रण, आणि त्या बऱ्याचदा रास्त असतात. लांब जायचं असेल तर दारातला खांब सोड, आत सरक.

बाकी किरकोळ:

- तिघांच्या बाकावर चौथा आला की सरकायचं. चौथ्याने मात्र पाय पसरायचे नाहीत.
- रील्स इयरफोन लावूनच.
- म्हातारं माणूस समोर आलं की झोपेचं सोंग नको. उठ, आणि उठल्याचा गाजावाजा करू नकोस.

चुकून बायकांच्या डब्यात चढलास तर सबबी न सांगता पुढच्या स्टेशनला उतर.

जागा अडवून ठेवणारे ग्रुप, पत्त्यांचे अड्डे, त्यांच्याशी कसं वागायचं ते नंतर सांगतो. आधी दार जमू दे.