मारुती जिप्सीच्या फ्लोअरला आतून कोणतं कोटिंग?

कोटिंगचा डबा निवडण्याआधी फ्लोअरचा पत्रा बघा. कार्पेट आणि खालचा फोम पूर्ण काढा, कारण गंज फोमखालीच लपलेला असतो. पाणी कुठून येतंय तेही शोधा: काचेचं रबर, दरवाज्याचं बीडिंग, एसी असेल तर त्याची ड्रेन नळी. ते बंद न करता वर काहीही फासलं, तरी पत्रा आतल्या आत सडतच राहणार. स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. आरपार गेला तर आधी वेल्डिंग.

गाडीखाली मारतात ते काळं डांबरी कोटिंग आत नकोच. उन्हात मऊ पडतं, वास महिनोन्‌महिने जात नाही. गॅरेजवाला "एकच डबा, आतबाहेर चालतो" म्हणेल, ऐकू नका.

माझी पसंती: वायर ब्रशने घासून, थिनरने पुसून दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर. वर कार्पेट परत घालणार असाल तर त्यावर साधा पीयू (पॉलियुरेथेन) पेंट पुरे. कोकणात पावसाळाभर चिखलाचे बूट घेऊन बसणार आणि फ्लोअर पाण्याने धुणार असाल, तरच पिकअपच्या हौद्याला मारतात तसलं खरखरीत बेडलायनर घ्या. ते महाग पडतं आणि एकदा बसलं की काढणं म्हणजे शिक्षाच.

ड्रेन होलचे रबरी बूच, सीटच्या बोल्टचे आटे आणि अर्थिंगची जागा टेपने झाका. पीयूच्या हार्डनरमध्ये (पेंट घट्ट व्हायला मिसळतात तो भाग) आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, त्यामुळे रुमाल बांधून भागत नाही; स्प्रे करायचा तर पेंटरकडूनच करून घ्या.